समुद्रातून परतल्यावर : श्वासाच्या उपकरणांची निगा

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या मंडळींना समुद्र तसा लांबचाच. आपल्या वाट्याला उल्हास नदी, बारवीचे पाणी आणि चिखलोलीचे धरण. तरीही दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी लागली की चिखलोली परिसरातल्या वसाहतींतूनही मालवण-तारकर्लीकडे निघणारी कुटुंबे दिसतात. पूर्वी मालवणला जाणारा माणूस सिंधुदुर्ग किल्ला पाहून, मासे खाऊन परतत असे. आता तो पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली उतरतो आणि प्रवाळ व रंगीत मासे पाहून येतो. तारकर्लीला तर पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्थाच आहे. हौस वाढली तशी खरेदीही वाढली. अनेक तरुणांकडे आता स्वतःचा मास्क, स्नॉर्कल, पायातले कल्ले, वेटसूट आणि काहींकडे तर रेग्युलेटरही असतो.

प्रश्न उद्भवतो तो परतल्यावर. गाडीची वेळ झालेली असते. ओले सामान प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले जाते, पिशवी घरी येते, दोन दिवस बाल्कनीत पडून राहते आणि मग माळ्यावर जाते. पुढच्या वर्षी ती उघडली की कुबट वास येतो. मग कोणी ते सामान डेटॉलच्या पाण्यात बुचकळतो, कोणी कपड्याच्या साबणाने घासतो आणि पुन्हा समुद्रावर घेऊन जातो.

वाचकहो, पोहण्याचा पोशाख आणि ही उपकरणे यांत मोठा फरक आहे. पोशाख अंगाला लागतो. ही उपकरणे तोंडात, नाकावर, डोळ्यांभोवती आणि थेट श्वासमार्गाशी जोडलेली असतात. त्यांत साचलेली घाण आणि त्यांत आलेला बिघाड, दोन्ही आपल्या फुप्फुसांपर्यंत पोचू शकतात. म्हणूनच आरोग्याच्या या सदरात आज हा विषय घेतला आहे.

हे यंत्र काम कसे करते?

चुका समजण्यापूर्वी यंत्र समजून घेऊ. पाण्याखाली मोकळेपणे श्वास घेता येईल असे उपकरण फ्रान्सचे झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये यशस्वी करून दाखवले. आजची साधनेही त्याच तत्त्वावर चालतात. नळकांड्यात साधी हवाच असते, फक्त ती प्रचंड दाबाने भरलेली असते. मोटारीच्या चाकात साधारण ३० ते ३५ पौंड दाब असतो. या नळकांड्यात तो सुमारे ३,००० पौंड, म्हणजे जवळजवळ शंभरपट असतो. एवढा दाब माणसाला सोसणार नाही. म्हणून रेग्युलेटर तो दोन टप्प्यांत उतरवतो. पहिला टप्पा नळकांड्यावर बसतो, दुसरा आपण तोंडात धरतो. दुसऱ्या टप्प्यात रबराचा पातळ पडदा आणि उच्छ्वास बाहेर सोडणारी तशीच पातळ झडप असते. आपण श्वास ओढला की पडदा आत ओढला जातो आणि हवा येते. सोडला की झडप उघडते आणि बुडबुडे बाहेर पडतात.

सारा भरवसा या नाजूक पडद्यांवर आणि झडपांवर आहे. आता समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचे जवळपास सहा चमचे. पाणी सुकले की हे मीठ खड्यांच्या रूपात झडपेच्या कडेला, बटणांच्या खाचेत, चेनमध्ये बसते. हे खडे धातू गंजवतात आणि रबराला घासतात. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे वरवर कोरडे दिसणारे सामान आतून पुन्हा दमट होते.

पहिली चूक : ‘नंतर धुऊ’

सर्वांत सामान्य चूक हीच. सुकलेले मीठ काढणे हे ओले मीठ धुण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. पाण्याबाहेर आल्यावर शक्य तितक्या लवकर सामान गोड्या पाण्यात बुडवावे. किनाऱ्यावर पाणी मिळाले नाही तर सामान ओल्या पंचात गुंडाळून न्यावे आणि मुक्कामी पोचताच धुवावे. नुसती वरून धार सोडून भागत नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवले तर खाचांतले मीठ विरघळते. पाणी कोमटच हवे, उकळते नको. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येते हे खरे, पण या कामाला दोन-तीन बादल्या पुरतात.

मात्र धुण्याच्या हौसेने कोणी सामान चिखलोली धरणावर नेऊ नये. त्या धरणातून अंबरनाथला पिण्याचे पाणी पुरवले जाते. तेथे साबण-जंतुनाशक सोडणे हा सार्वजनिक आरोग्याचा अपराध आहे. नवा मास्क ‘करून पाहायला’ तेथे उतरणे तर त्याहून वाईट. धरणाच्या तळाशी गाळ असतो, खोलीचा अंदाज येत नाही, आणि पावसाळ्यात अशा ठिकाणी जीव गमावणाऱ्यांच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. मास्क करून पाहायचा असेल तर देखरेख असलेल्या तरण तलावात पाहावा.

दुसरी चूक : टोपण न लावता बुडवणे

रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याला हवा आत येण्याचे तोंड असते आणि त्याला एक टोपण दिलेले असते. धुण्यापूर्वी हे टोपण आतून कोरडे करून घट्ट बसवावे. ते विसरले तर पाणी थेट आतल्या यंत्रणेत शिरते आणि तेथे गंज धरतो. दुसरी खोड म्हणजे पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या टप्प्याचे मधले बटण दाबणे. लहान मुलांना हे बटण दाबायला फार आवडते. नळकांडे जोडलेले नसताना ते दाबले की आतली झडप उघडते आणि पाणी नळीतून वर पहिल्या टप्प्यापर्यंत चढते. तेव्हा धुताना बटणाला हात लावू नये.

झडप गळली तर काय होते?

येथे आरोग्याचा मुख्य मुद्दा येतो. उच्छ्वासाच्या झडपेखाली वाळूचा कण, मिठाचा खडा किंवा एखादा केस अडकला, किंवा माउथपीस दातांनी फाटला, तर प्रत्येक श्वासाबरोबर समुद्राच्या पाण्याचा अगदी बारीक फवारा आत जातो. तो इतका बारीक असतो की ठसका लागतोच असे नाही. माणूस आनंदाने पाण्याखाली फिरून येतो आणि एक-दोन तासांनी त्याला थंडी वाजू लागते, खोकला येतो, अंग दुखते, ताप भरतो, छातीत जडपणा वाटतो. त्याला वाटते हवा बदलली, फ्लू झाला. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातील पाणबुड्यांमध्ये डॉक्टरांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले आहे. खारे पाणी फुप्फुसात गेल्याने तेथे दाह होतो. बहुतेकांना एक दिवसात आराम पडतो. पण धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येत असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना ‘मी आज स्कूबा करून आलो’ हे आवर्जून सांगावे. हे वाक्य न सांगितल्याने निदान चुकू शकते.

तिसरी चूक : पिशवीच्या आतली ओल

पाण्यात तरंगण्यासाठी अंगावर जाकिटासारखी हवेची पिशवी घालतात. तिला बी.सी.डी. म्हणतात. ही पिशवी बाहेरून धुतली जाते, पण आत गेलेले पाणी तसेच राहते. अंधार, ओल आणि ऊब असे तिन्ही मिळाले की बुरशीला आणि जंतूंना आणखी काय हवे? या पिशवीत तोंडाने हवा भरताना उलट श्वास आत ओढला गेला तर आतली बुरशी सरळ फुप्फुसात जाईल.

हे भय काल्पनिक नाही. वाद्य वाजवणाऱ्यांमध्ये असाच प्रकार नोंदला गेला आहे. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये एका ६१ वर्षांच्या गृहस्थाची हकिकत वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. ते रोज बॅगपाइप हे पिशवीचे वाद्य वाजवत. अनेक वर्षे त्यांचा खोकला आणि धाप वाढतच गेली. मधे तीन महिने ते ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा त्यांना बरे वाटू लागले, कारण वाद्य घरीच राहिले होते! पुढे वाद्याच्या आतून नमुने घेतले तेव्हा त्यांत अनेक प्रकारच्या बुरशी सापडल्या. तोवर फार उशीर झाला होता. फुप्फुसे कडक झाली होती आणि ते गृहस्थ वाचू शकले नाहीत. दमट पिशवी, तोंडाचा संबंध आणि सफाईचा अभाव हे तिन्ही स्कूबाच्या पिशवीतही असतात. वर्षातून दोनदा समुद्रावर जाणाऱ्याला हा धोका थोडा, रोज हे सामान वापरणाऱ्या मार्गदर्शकाला अधिक.

उपाय सोपा आहे. पिशवीत एक तृतीयांश गोडे पाणी भरावे, हवा भरून फुगवावी, सगळीकडे खळबळावी आणि नळीच्या तोंडाने पाणी काढून टाकावे. दोन-तीन वेळा असे करून ती उलटी टांगून वाळवावी. ठेवताना थोडी हवा भरूनच ठेवावी, म्हणजे आतल्या बाजू एकमेकींना चिकटत नाहीत.

चौथी चूक : एकच टब, सगळ्यांचे मास्क

किनाऱ्यावर एका टबात सगळ्यांचे मास्क आणि माउथपीस बुडवले जातात. काचेवर वाफ धरू नये म्हणून काही जण त्यात थुंकी लावतात आणि त्याच टबात खळबळतात. दिवस मावळेपर्यंत ते पाणी धुण्याचे राहत नाही, वाटून घेण्याचे होते. सर्दी-पडसे, ओठावरची नागीण, घशाचे जंतू यांना हा सरळ रस्ता. माउथपीस आपल्यासमोर वाहत्या गोड्या पाण्याने आणि साबणाने धुऊन घ्यावा. मागणे संकोचाचे वाटू देऊ नये. स्वतःचा माउथपीस जवळ बाळगणे सर्वांत चांगले. वाफेसाठी थुंकीऐवजी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पुरतो.

पाचवी चूक : उग्र औषधांचा मारा

‘जितके उग्र तितके स्वच्छ’ हा आपल्याकडचा समज. फिनेल, संडास धुण्याचे ॲसिड, रॉकेल यांचा या सामानाला स्पर्शही होऊ देऊ नये. त्यांनी रबर फुगते, चिरते आणि त्यांची वाफ पुढच्या खेपेला आपल्याच श्वासात येते. योग्य क्रम असा : आधी गोड्या पाण्याने मीठ काढावे, मग सौम्य साबणाने मळ काढावा, मग हवे असल्यास जंतुनाशक आणि शेवटी पुन्हा भरपूर गोडे पाणी. मळावर जंतुनाशक ओतले तर ते मळातच खर्ची पडते.

मास्क आणि माउथपीससाठी घरगुती ब्लीच चालते, पण विरळ करून. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, एवढेच. एक मिनिट ठेवून स्वच्छ धुवावे. रेग्युलेटरसाठी मात्र सोबत आलेल्या पुस्तिकेत सांगितलेलेच जंतुनाशक वापरावे. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये : ब्लीचमध्ये ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

चेन अडकली की आपला हात खोबरेल तेलाकडे किंवा शिलाई मशिनच्या तेलाकडे जातो. चेनवर मेणबत्ती घासली तरी काम होते. रेग्युलेटरला तर घरातले कुठलेही तेल लावू नये. तेलाचे कण श्वासावाटे फुप्फुसात गेले तर तेथे एक प्रकारचा न्यूमोनिया होतो आणि तो साध्या प्रतिजैविकांना दाद देत नाही. तसेच जास्त दाबाचा ऑक्सिजन असलेल्या यंत्रात तेल-ग्रीस लागले तर पेट घेण्याचा धोका असतो.

सहावी चूक : माळा, डिकी आणि डांबराच्या गोळ्या

आता साठवणीकडे वळू. कोकणात मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्रातले खेळ बंद असतात. म्हणजे किमान तीन महिने सामान पडून राहते, आणि नेमके वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत. आपल्याकडे अंबरनाथ-बदलापूरलाही आषाढ-श्रावणात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तेथे या सामानाची काय कथा!

सामान उन्हात वाळवू नये. कडक उन्हाने रबर आणि वेटसूटचा स्पंजासारखा थर ठिसूळ होतो. सावलीत, पंख्याखाली, आधी आतली बाजू बाहेर करून आणि मग उलटवून वाळवावे. वेटसूट तारेच्या हँगरवर टांगू नये किंवा घडी करून वजनाखाली ठेवू नये. रुंद हँगर वापरावा. पूर्ण न वाळलेल्या वेटसूटमध्ये स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी अंगावर खाजरे, पुवाचे पुरळ उठते. पाण्याखाली अनेकांना लघवी आवरत नाही, हेही लक्षात ठेवून आतली बाजू साबणाने धुवावी.

पत्र्याखालचा माळा, गाडीची डिकी आणि विजेच्या मोटारीशेजारची जागा टाळावी. उष्णतेने आणि मोटारीच्या ठिणग्यांतून निघणाऱ्या ओझोनने रबर लवकर तडकते. कपाटात ठेवताना डांबराच्या गोळ्या मुळीच टाकू नयेत. त्यांची वाफ सिलिकॉन आणि रबरात मुरते आणि मास्क लावला की नाकाशी येते. आपल्याकडे काही कुटुंबांत जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची जन्मजात कमतरता असते. अशांना या गोळ्यांच्या संपर्काने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. माउथपीसवर स्वच्छ कापडी पिशवी बांधावी, नाही तर झुरळे आणि मुंग्या नळीत घर करतात. वापरण्यापूर्वी आत डोकावून पाहणे हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

नळकांडे सहसा घरी नसते. पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते पूर्ण रिकामे करून ठेवू नये. थोडा दाब राखला तर दमट हवा आत शिरत नाही. पोलादी नळकांड्यात ओल गेली की गंज धरतो, आणि गंजताना लोखंड आतल्या हवेतलाच प्राणवायू खाते. त्यामुळे फार दिवस पडून राहिलेल्या नळकांड्यात दाब भरपूर दिसला तरी हवा प्राणवायूविना असू शकते. अशी जुनी हवा सोडून द्यावी आणि पाहणी करून नवी भरून घ्यावी. अमेरिकेसह अनेक देशांत दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करतात आणि तिची तारीख नळकांड्याच्या खांद्यावर कोरतात. भाड्याने घेताना ती पाहण्याची सवय लावावी.

कान आणि डोळे

पाण्यातून आल्यावर दोन-तीन दिवसांनी कान ठणकू लागणे ही नेहमीची तक्रार. कानाची पाळी ओढली की कळ येते, खाज सुटते, पाणी येते. ओल्या डोक्याच्या टोपीत, न वाळलेल्या कानात तेच स्यूडोमोनास जंतू वाढतात. टोपी प्रत्येक वेळी धुऊन वाळवावी, मान कलवून कानातले पाणी काढावे आणि आगकाडी, पिन, कापसाची काडी घालू नये. कानाचा पडदा फाटलेला असेल तर कोणतेही थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. गरम तेल तर नाहीच. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मास्कमध्ये पाणी शिरले असेल आणि डोळा लाल होऊन दुखत असेल तर नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे.

समुद्रावर न जाणाऱ्यांसाठीही

कोणी म्हणेल, आम्ही कुठे स्कूबा करणार? पण आपला परिसर कारखान्यांचा आहे. मोरिवली, चिखलोली, बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत हजारो लोक काम करतात. बदलापूरला जून २०२१ मध्ये आणि अंबरनाथला सप्टेंबर २०२४ मध्ये वायुगळती झाली तेव्हा डोळ्यांची आग आणि श्वासाचा त्रास आपण अनुभवला. अशा वेळी आग विझवणारे जवान आणि कारखान्यातले कामगार पाठीवर जे नळकांडे बांधतात ते स्कूबाचेच भावंड. त्याचे मास्क, पडदे आणि झडपाही तशाच नाजूक. तेही वापरानंतर धुऊन, वाळवून, उन्हापासून दूर ठेवावे लागतात.

डबी लावायच्या रासायनिक मास्कचे तर आणखी एक पथ्य आहे. डबीतला कोळसा वायू शोषतो. मास्क खिळ्याला उघडा टांगून ठेवला तर तो रात्रंदिवस कारखान्यातली हवा आणि दमटपणा शोषत राहतो आणि गरजेच्या क्षणी निकामी ठरतो. डबी पाण्याने धुऊ नये. ती काढून हवाबंद पिशवीत ठेवावी, रबरी मुखवटा तेवढा साबणाने धुवावा, आणि मुदत संपली की डबी बदलावी. दाढी वाढलेली असली तर मास्क चेहऱ्याला बसत नाही, हेही कामगार बंधूंनी ध्यानात घ्यावे.

घरात दम्याच्या रुग्णासाठी नेब्युलायझर असेल तर त्याचा मास्क आणि औषधाची वाटी रोज साबणाच्या पाण्याने धुऊन, झटकून, हवेवर वाळवावी. ओली वाटी डब्यात बंद करून ठेवणे म्हणजे औषधाबरोबर जंतूही देणे.

निघण्यापूर्वी पाहा

मालवणला किंवा गोव्याला भाड्याचे सामान घेताना पाच गोष्टी तपासाव्यात. माउथपीस फाटलेला नाही ना आणि आपल्यासमोर धुतला का? रेग्युलेटरमधून दोन-चार श्वास घेतल्यावर तेलकट किंवा धुराचा वास येतो का? आल्यास ते नळकांडे नाकारावे. वास नसला म्हणजे हवा शुद्धच असे मात्र नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून हवा भरणारे यंत्र वाहनांच्या धुराजवळ ठेवलेले नाही ना, हेही विचारावे. दाबाचा काटा श्वास घेताना हलतो का? तो थरथरत असेल तर नळकांड्याची चावी पूर्ण उघडलेली नसेल. हवेची पिशवी फुगवल्यावर तशीच राहते का? आणि शेवटचे, आपल्याला सर्दी, दमा, फिट्स किंवा हृदयविकार असेल तर तो अर्जात खरा लिहिला का?

पाण्याखाली जाणे हा सुंदर अनुभव आहे आणि तो जरूर घ्यावा. परत आल्यावर आपण फोटो पाहायला बसतो, तेव्हा आधी दोन बादल्या पाणी काढावे आणि सामान त्यात बुडवावे. फोटो नंतर निवांत पाहता येतील.